नाल्यातल्या दगडांवर थार की जिम्नी?

पश्चिम विदर्भात दगडांवरून गाडी चढवायला जागा दोनच प्रकारच्या: सातपुड्याच्या पायथ्याचा कोरडा नाला, नाहीतर बंद पडलेली गिट्टीची खदान. दगड दोन्हीकडे काळा बेसाल्टच, पण नाल्यातले गोटे पाण्याने घासून गुळगुळीत झालेले, चाकाखालून सटकणारे. खदानीतल्या दगडाला सुरुंगाची धार, ती टायरची बाजू चिरते. चार-पाच मित्रांत नवी गाडी घ्यायची चर्चा महिंद्राची तीन दारांची फोर-व्हील-ड्राइव्ह थार आणि मारुतीची पाच दारांची जिम्नी यांवरच येऊन अडते. आमचं मत आधीच सांगतो: नुसत्या दगडांसाठी जिम्नी मॅन्युअल, दगड संपल्यावर काळ्या मातीचं ओलं वावरही ओलांडायचं असेल तर मागचं डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) लॉक होऊन दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी थार.

| | थार | जिम्नी |
|---|---|---|
| वजन | पावणेदोन टनांच्या आसपास | सुमारे १२०० किलो |
| रुंदी | १८२० मिमी | १६४५ मिमी |
| व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) | २४५० मिमी | २५९० मिमी |
| ग्राउंड क्लिअरन्स | २२६ मिमी | २१० मिमी |
| रॅम्प ब्रेकओव्हर (पोट न घासता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) | २७ अंश | २४ अंश |
| लो-रेंज (वेग कमी करून ताकद वाढवणारा गिअर) | २.४८:१ | २:१ |

आकड्यांत थार पुढे दिसते. दगडावर हिशोब फिरतो तो अ‍ॅक्सलमुळे. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, आणि डिफरन्शियलखालची जागा सस्पेन्शन दबलं तरी तेवढीच राहते. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र. दोन्ही चाकं एकदम दबली की गाडीचं नाकच खाली येतं, मग २२६ चा आकडा शोरूमच्या फरशीपुरता उरतो. चाकही लवकर हवेत जातं.

हवेत गेल्यावर मात्र थारची बाजू वरचढ. तिचं मागचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप जोडलं जातं. म्हणजे चाक आधी थोडं फिरू द्यावं लागतं. इथेच नवखे घाबरून पाय काढतात, किंवा दाबून टाकतात. हलका, स्थिर अ‍ॅक्सिलरेटर ठेवा. ‘खट्’ झालं की तेवढाच पाय राहू द्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर लावला तर पुढचा सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) किंवा टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा) जातो, आणि तो अचलपूरच्या बाजारात उभ्या उभ्या मिळेलच असं नाही.

जिम्नी फिरत्या चाकाला ब्रेक लावून ताकद पलीकडच्या चाकाला देते. ब्रेकला पकडायला क्षणभर लागतो, तोवर पाय हलवायचा नाही. सलग चढात ब्रेक तापतात. टॉर्क १३४ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. त्यामुळे अर्ध्या क्लचवर गाडी टांगून ठेवायची सवय असणाऱ्याची क्लचप्लेट जळते. लो-रेंज, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला. नाही चढली तर मागे येऊन दुसरी रेषा, म्हणजे चाकं नेण्याचा दुसरा मार्ग, धरा.

जिम्नीचं खरं दुखणं पोट. व्हीलबेस लांब आणि उंची कमी, त्यामुळे टोकदार दगड मधोमध घासतो. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेऊ नका, चाक त्याच्यावरच ठेवा. पोटाखाली संरक्षक प्लेट नसेल तर पहिला खर्च तोच. (पाच दारांच्या थार रॉक्सचा विचार करत असाल तर तिचा व्हीलबेस २८५० मिमी आहे. या कामाला सोडून द्या.)

रुंदीतले १७५ मिमी पांदण रस्त्यावर कळतात. दोन्हीकडून बाभळी आल्या की थारची बाजू खरवडते, आणि काटा टायरच्या बाजूला घुसला तर पंक्चरची वात तिथे टिकत नाही. स्टेपनी पूर्ण मापाचीच हवी. थार घेताना १६ इंची रिमवरचे २४५/७५ टायर बघा. त्यांची बाजू १८४ मिमी उंच असते, १८ इंची रिमवरच्या २५५/६५ ची १६६. हवा जिम्नीत १५-१६ पीएसआय, थारमध्ये १८ पर्यंत उतरवा. त्याखाली गेलात तर आडव्या उतारावर टायर रिममधून निसटतो. परत भरायला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर ठेवा.

ग्रुपमध्ये दोन्ही गाड्या असतील तर ओढण्याचं गणित आधी करा. अडकलेली थार जिम्नीने ओढायला गेलात तर जिम्नीच घसरत जाते. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीची विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लागते: थारला ९५०० पौंडांची पुरते. झाडाला रुंद पट्टा, ४.७५ टनी शॅकल (दोर अडकवायची कडी), दोर तुटला तर उसळू नये म्हणून ताणलेल्या दोरावर ओलं पोतं. दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच अडकवू नका. गावातली पोरं बघायला जमतातच. त्यांना दोराच्या दीडपट लांबीच्या बाहेर ठेवायला एक माणूस नेमा. दगडावर रेषा दाखवायलाही एकच माणूस, बाकी सगळे गप्प.

दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ बरा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत लो-रेंजमध्ये रेडिएटरला वाराच लागत नाही. जूननंतर काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते, आणि कोरड्या नाल्याला वरच्या पावसाचं पाणी अचानक येतं. मेळघाटच्या जंगलात वाट सोडणं कायद्याने गुन्हा आहे; खदान किंवा बरड पडीत जागेसाठीही मालकाला आधी विचारा.

मारुतीची जुनी जिप्सी स्वस्तात मिळत असेल तर तिचाही विचार करा. २३७५ मिमी व्हीलबेस, वजनाला हलकी. पण लॉक नाही, ब्रेकची मदतही नाही. पुढचं एक आणि मागचं एक चाक उचललं की जागेवर उभी.

बुकिंगच्या आधी थारच्या नेमक्या व्हेरियंटला मागचं लॉक आहे का, हे डीलरकडून लेखी घ्या. सगळ्यांना ते मिळत नाही, आणि रिअर-व्हील-ड्राइव्ह थारला तर लो-रेंजच नाही.