ठिणगी नव्हती असे नाही, ती मला दाखवली गेली नाही

तीन वर्षे आच्छादनाखाली उभी असलेली मोटरसायकल सुरू करून घेण्यासाठी मी गॅरेजमध्ये नेली आणि तिथे फसलो. ज्या युक्तीने मला फसवले गेले, ती दीर्घकाळ बंद असलेल्या कोणत्याही गाडीच्या मालकावर सहज चालू शकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मेकॅनिकने स्पार्क प्लग काढला, कॅपमध्ये बसवून इंजिनवर टेकवला आणि दोन-तीनदा किक मारली. ठिणगी पडली नाही. "साहेब, सीडीआय आणि कॉइल, दोन्ही गेलंय," असे तो म्हणाला (हे दोन्ही ठिणगी निर्माण करणारे विजेचे भाग) आणि सारे डोळ्यांदेखत घडल्यामुळे मला शंकाही आली नाही. किक मारण्यापूर्वी त्याचा हात हँडलवरच्या, इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचकडे गेलेला मी पाहिला होता, पण त्याचा अर्थ फार उशिरा लक्षात आला. तो स्विच 'ऑफ'वर असेल, किंवा प्लगची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकलेली नसेल, तर धडधाकट गाडीतही ठिणगी दिसत नाही.

गाडी सुरू होऊन मिळाली आणि बिलात दोन्ही भाग नवे लावल्याचे लिहिलेले होते. आठवड्याभरात मात्र ती चोक ओढल्याशिवाय चालेना आणि शेवटी बंदच पडली. आता पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटरच बदलावा लागेल, असे मला सांगण्यात आले.

तेव्हा मी घरी प्लगच्या छिद्रातून ताज्या पेट्रोलचे काही थेंब आत सोडले, सांडलेले पुसून घेतले, प्लग परत बसवला आणि किक मारली. इंजिन क्षणभर धडधडले आणि थांबले. म्हणजे ठिणगी पडत होती, पेट्रोल पोहोचत नव्हते. टाकी उतरवली, तर खालच्या कॉइलच्या जोडावर मी स्वतः कित्येक वर्षांपूर्वी गुंडाळलेली काळी टेप धुळीने कडक होऊन जशीच्या तशी होती. ती कुणी उलगडलेलीच नव्हती. सीडीआयही जुनाच निघाला. जाब विचारला, तेव्हा काढलेले भाग भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

खरा दोष कार्ब्युरेटरच्या वाटीत होता. साठून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. पायलट जेट, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारा छोटा भाग, उजेडाकडे धरला, तर त्याच्या बारीक छिद्रातून प्रकाशाचा ठिपकाही दिसेना. त्यात टाकीच्या तळाचा गंज सतत खाली उतरत होता, त्यामुळे वरवरची सफाई टिकणे शक्यच नव्हते.

म्हणून गाडी कुणाच्या हाती देण्यापूर्वी थेंबांची ही चाचणी स्वतः करावी, ठिणगी पाहताना किल स्विच 'ऑफ'वर नाही ना हे आपल्या हाताने तपासावे, कॉइल आणि सीडीआयवर रंगाची खूण करून ठेवावी, आणि काढलेला भाग हातात आल्याशिवाय त्याच्या बदलीचे पैसे देऊ नयेत.

टाकी धुऊन, जेट साफ करून आणि नवा फिल्टर लावून झाल्यावर, त्याच कॉइलवर आणि त्याच सीडीआयवर माझी गाडी आज दुसऱ्या किकला सुरू होते.