कॅराव्हॅनमधील नऊ महिने आणि पलंगाखालचा पंप

नाशिकच्या कॉलेज रोडवरील आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि बिल्डर देत असलेल्या भाड्यात मनाजोगा फ्लॅट मिळेना, तेव्हा गेल्या दसऱ्याला आम्ही दोघांनी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या आमच्या कॅराव्हॅनमध्येच बिऱ्हाड हलवले. गाडी तीन वर्षांपूर्वी सहलींसाठी घेतली होती. ती आता गंगापूर धरणाच्या फुगवट्यालगतच्या एका कॅम्पसाइटवर महिन्याच्या बोलीने उभी आहे. गाडीची लांबी, पलंगाची मापे आणि सौर पॅनेलची क्षमता माहितीपत्रकात असतेच, त्यामुळे ती येथे उतरवून काढत नाही. मला लिहायचे आहे ते पाण्याच्या पंपाविषयी.

गाडीत १०० लिटरची टाकी आहे. नळ उघडला की १२ व्होल्टचा पंप सुरू होतो आणि नळ बंद केल्यावर पाइपात पुरेसा दाब भरताच तो आपोआप थांबतो. डिसेंबरपासून मात्र नळाला कोणाचाही हात लागलेला नसताना हा पंप मध्यरात्री ‘टर्र’ करून दोन सेकंद चालू लागला. मी उशाशी घड्याळ ठेवून नोंद केली: १ वाजून १० मिनिटे, १ वाजून ५०, अडीच. पंप पलंगाखालीच असल्यामुळे पुढची टर्र कधी होते याची वाट पाहण्यातच रात्र सरत असे. पत्नीने दुसऱ्याच आठवड्यात दाखवून दिले की, पंपाचे बटण दाराशी आहे आणि झोपताना ते बंद करता येते. ते मला ठाऊक होते. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू बटण बंद ठेवून वापरायची, हे मला पटत नव्हते आणि आजही पटत नाही.

ज्या कारखान्याने गाडी बांधून दिली, त्यांनी आधी कुठेतरी गळती असेल असे सांगितले. मी प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला. सकाळी सगळे कागद कोरडे होते. आवाजाचा व्हिडिओ पाठवला, तर असा आवाज येणे नॉर्मल आहे, असे उत्तर आले. चौथ्या फोननंतर गाडी घेऊन या, पंप बदलावा लागेल, ६,५०० रुपये आणि मजुरी वेगळी, असे सांगण्यात आले. वॉरंटी संपलेली होती. दाराबाहेरचे छत, तुळस, कपड्यांची दोरी आणि सांडपाण्यावर वाढवलेली अळूची पाने सोडून संसार पुन्हा रस्त्यावर न्यायचा, तोही दोन सेकंदांच्या आवाजासाठी, या विचाराने मी इतका चिडलो की पाचपैकी दोनच तारे द्यायचे ठरवले.

बाकीचा अनुभव त्यामानाने बराच बरा आहे. शहरातील पाणीयोजना माणशी रोज १३५ लिटर धरून आखतात; आम्हा दोघांचे मिळून साधारण ४५ लिटरमध्ये भागते आणि टाकी एक दिवसाआड भरावी लागते. शौचालयाची पेटी तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. त्या कामाची किळस पहिल्या महिन्यानंतर राहत नाही. स्वयंपाकाला ५ किलोचा सिलिंडर तीन आठवडे पुरतो. कॅम्पवाल्यांनी आधी ६ अँपिअरचा पॉइंट दिला होता, ज्यावर जेमतेम १,३८० वॅट चालतात, म्हणजे एसी चालू असताना किटली लावली की एमसीबी पडायचा. भांडून १५ अँपिअरचा पॉइंट घेतला, तेव्हा कुठे एप्रिल सुसह्य झाला. जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली गेला की काचांवर आतून पाणी साचून गाद्यांच्या कडा ओल्या होत, म्हणून कितीही थंडी असली तरी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. मे महिन्यात धरणाचे पाणी इतके मागे सरले की दारासमोर नुसता भेगाळलेला चिखल उरला. ‘पाण्याकाठची जागा’ असे सांगून भाडे घेणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवे होते.

येथवरचा मजकूर जूनच्या सुरुवातीला लिहून ठेवला होता. त्यानंतर कॅम्पची नळजोडणी दुरुस्त करायला जवळच्या गिरणारे गावाकडचे एक गृहस्थ आले, जे एरवी द्राक्षबागांतील ठिबकची कामे करतात. त्यांना सहज आवाज ऐकवला. त्यांनी पंपाच्या पुढचा कॉक बंद करून तासभर थांबायला सांगितले. कॉक बंद असतानाही पंप वाजला, म्हणजे पाणी पुढे कुठे गळत नव्हते, तर पंपातूनच मागे टाकीत उतरत होते. माझे कागद कोरडे राहिले ते यामुळे. “साहेब, ठिबकला होतं तेच झालंय, बोअरचा क्षार बसलाय,” असे म्हणत त्यांनी चार स्क्रू काढले. आतल्या नाण्याएवढ्या रबरी झडपेच्या कडेला चुन्यासारखा पांढरा थर होता, नखाने खरवडला तर निघणारा. ठिबकच्या नळ्यांतील क्षार आम्ल सोडून काढतात, त्याच न्यायाने त्यांनी झडप लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली आणि पुन्हा बसवली. मजुरी २०० रुपये घेतली, सत्त्वाचा पुडा आमच्याच डब्यातला होता.

त्या रात्री पंप वाजला नाही आणि पुढचे पाच आठवडेही नाही. मग पुन्हा एक टर्र झाली, तेव्हा झडप मीच धुतली. म्हणजे दोष पंपाचा कमी आणि कॅम्पच्या बोअरचा जास्त होता, हे मान्य करून गाडीचे तारे दोनावरून चारावर नेत आहे. विक्रीनंतरच्या सेवेला मात्र एकच. फ्लॅटचा ताबा दिवाळीपर्यंत मिळेल असे बिल्डर म्हणतो. तोपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी झडप धुण्याचे ठरवले आहे. नव्या पंपाच्या कोटेशनची आठवण करून देणारा कारखान्याचा मेसेज कालही आला होता.