१०×५० दुर्बीण: भंडारदऱ्यातली एक रात्र

दिवाळीनंतरच्या अमावस्येला लेकीला घेऊन भंडारदऱ्याला गेलो, ते खास ही दुर्बीण वापरून बघायला. १०×५० म्हणजे दहापट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ५० मिलिमीटरची. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या ‘एम’ आकारावरून वर सरकत देवयानी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा अफाट समूह, सापडली. भस्माचं बोट पुसावं तसा लांबट, धूसर डाग! तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. लेक कितीतरी वेळ डोळा काढेना.

देवयानी सर्पिल, म्हणजे केंद्राभोवती वळसे घेणाऱ्या भुजांची. तिच्या कडेला ताऱ्यासारखा ठिपका दिसतो ती एम ३२, छोटी लंबवर्तुळाकार दीर्घिका. ती ओळखायला मात्र चिकाटी हवी. आपली आकाशगंगाही सर्पिलच, मध्ये ताऱ्यांचा दांडा असलेली. तिच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर, मृग भुजेत आपला सूर्य. शर्मिष्ठेतल्या आकाशगंगेच्या पट्ट्यावर दुर्बीण फिरवली की आपण त्या भुजेतून बाहेर, पुढच्या ययाती भुजेकडे बघत असतो. तिथे तारे नुसते सांडलेत.

एक तक्रार आहे. तिपाईला जोडायचा तुकडा वेगळा विकत घ्यावा लागला, आणि त्याशिवाय हात थरथरतो. तो मिळेपर्यंत गाडीच्या टपावर कोपरं टेकवा. पहिली दुर्बीण म्हणून हीच घ्या.