'मेमरी फुल्ल झाली जी तुमची'

2023चा जून. नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरी समोरच्या खोलीत मी ऑनलाइन फॉर्म भरून देते, आणि अकरावीचे प्रवेश सुरू झाले की जेवायलाही उसंत नसते. नेमकं तेव्हाच ब्राउझरचं पान मधेच मरायला लागलं. पोरगा आणि त्याचा बाप समोर बसलेले, अर्धा फॉर्म भरून झालेला, आणि स्क्रीनवर एवढंच: 'आउट ऑफ मेमरी'. दिवसातून चार-पाच वेळा.

लॅपटॉप घेऊन बर्डीला गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, माझ्याकडे पावतीच नाही. (मागितली होती. "पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी लागते ताई." मी गप्प बसले, तीही माझीच चूक.) दुकानदाराने तो संदेश पाहिला आणि हसला. "ताई, मेमरी फुल्ल झाली जी तुमची. लॅपटॉप स्वतःच सांगून राहिला ना! 256 ची आहे, 1 टीबीची टाकून देतो, चारपट होऊन जाते."

चारपट म्हटल्यावर मी काय बोलणार? डिस्कचे 3,800, 'मेमरी क्लीनर' नावाच्या सॉफ्टवेअरचे वर्षाचे 1,500, मजुरी 500. झाले 5,800. संध्याकाळी लॅपटॉप मिळाला, सगळ्या फायली जागच्या जागी. काढलेली जुनी डिस्क च्युइंगमच्या पट्टीएवढी होती. ती त्याने काउंटरच्या खणात टाकली, "हिचा आता काही उपयोग नाही" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप गुणगुणायला लागला. तळहात टेकवला की बारीक थरथर जाणवायची. आधी चहाचं आधण ठेवून येईपर्यंत तो सुरू झालेला असायचा. आता चहा पिऊन कप विसळून आले तरी गोल फिरतंच होतं. त्यात तो क्लीनर दर तासाला ब्राउझर 'साफ' करायचा. म्हणजे कुकीज (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) उडायच्या, मी पोर्टलमधून बाहेर फेकली जायचे, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. आणि 'आउट ऑफ मेमरी'? तो होताच.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी पॉलिटेक्निकची एक मुलगी आली होती, तिला राहवलं नाही. तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं. टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्स. मेमरीसमोर 95 टक्के, एकूण 4 जीबी. खाली डिस्कसमोर 'एचडीडी'. "मॅडम, तुमची रॅम भरून राहिली. डिस्क तर रिकामीच आहे. आणि आधीची एसएसडी कुठे गेली?"

मग तिने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे धान्याची कोठी. ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा नव्हती, आणि मी 5,800 देऊन मोठी कोठी घेऊन आले. तीही साधी, चकती फिरवणारी हार्ड डिस्क. आधीची एसएसडी, म्हणजे ती च्युइंगमची पट्टी, तिच्या कितीतरी पट वेगवान. वर कळलं की माझ्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कची जागा वेगळीच आहे आणि ती रिकामी होती. दोन्ही सुखाने नांदल्या असत्या.

क्रोम ब्राउझरमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो. त्यात दिसलं, बावीस टॅब उघडे आणि पीडीएफ जोडणारी तीन एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम. काही एक्स्टेन्शन आपण वापरत नसलो तरी ओट्यावर बसून राहू शकतात. दोन काढली. सेटिंगमधल्या परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर असतो, न वापरलेल्या टॅबची रॅम तो मोकळी करतो. तो सुरू केला. फुकट. कॅश, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून ब्राउझरने साठवलेले पानांचे तुकडे, मात्र मुख्यतः डिस्कवर असते. ती पुसून रॅम मोकळी होत नाही, उलट पोर्टलचे लोगो आणि चित्रं पुन्हा डाउनलोड होतात. पान जुनंच दिसत असेल, अडकत असेल, तेव्हा पुसावी. तासातासाला कशाला? पुढे दुसरीकडून 8 जीबी रॅम बसवली, 1,900 रुपयांत. संदेश त्या दिवसापासून बंद.

एवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायलाच बसले नसते. पैसे गेले, जाऊ द्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की त्या च्युइंगमच्या पट्टीत दोन वर्षांची आधार कार्डं आहेत, बँक पासबुकांची पहिली पानं, मुलींचे फोटो. त्याने मजकूर नव्या डिस्कवर उतरवला होता. जुनीवरचा पुसला होता का, मी विचारलंही नव्हतं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. आधी म्हणाला, "भंगारात गेली ताई." 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मी तिथेच उभी राहून लावायला घेतला, तेव्हा त्याला आठवलं की ती 'दुसऱ्या कस्टमरला' बसवली. फॉरमॅट केली होती का, यावर, "हो, केली असेल."

केली असेल!

घरी येऊन गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही काढली आणि एकेकाला फोन लावत बसले. काय झालं ते सांगितलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलं, पासबुकाकडे लक्ष ठेवा म्हटलं. त्रेसष्ट फोन. बहुतेक जण चांगलं बोलले. एका आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमची कागदं आता कुणाच्या घरी आहेत, बाई?"

मला सांगता आलं नाही.