‘शंभर तास वाजू द्या’ : बनावट इअरफोन आणि निघून गेलेली परतीची मुदत

डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाता-येता माझे रोज सुमारे अडीच तास लोकलमध्ये जातात आणि गेली कित्येक वर्षे हा सगळा वेळ मी शास्त्रीय संगीत ऐकण्यात घालवत आलो आहे. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेण्याची सवय मला लागली होती. मागील वर्षी रात्री उशीवर डोके टेकले की उजव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा कानाच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट बजावले की, ऐकायचे असेल तर बाहेरचा गोंगाट अडवणारे, कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्यावेत, म्हणजे कमी आवाजातही गाणे नीट ऐकू येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, पण ९० डेसिबलला हीच मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. माझा केवळ प्रवासच आठवड्याला साडेबारा तासांचा होता.

म्हणून मी एका नामांकित परदेशी कंपनीचे, एरवी चौदा हजारांच्या आसपास मिळणारे इअरफोन एका खरेदी-संकेतस्थळावरील विक्रेत्याकडून ८,४९९ रुपयांना मागवले. ‘जुना साठा संपवत आहोत’ हे त्याने दिलेले कारण मला पटले, आणि पटले याचे कारण मला ते पटवून घ्यायचे होते. जाहिरातीत ‘नॉइज आयसोलेशन’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’ असे दोन्ही शब्द होते. मी तिथेच थांबायला हवे होते. पहिल्या प्रकारात कानाची वाट बुजवून गोंगाट अडवला जातो, तर दुसऱ्यात मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याला छेदणारा उलटा आवाज तयार केला जातो. त्यासाठी वीज लागते, आणि या साध्या वायरच्या इअरफोनला बॅटरीच नव्हती.

पार्सल आले त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीत ते वापरून पाहिले. तबल्याच्या बायाचा, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा झाला होता आणि ठाण्याच्या पुढे गाडीने वेग घेतल्यावर तानपुराही ऐकू येईना. मी विक्रेत्याला तसे कळवताच त्याचे अत्यंत नम्र उत्तर आले : “सर, हे नवीन आहेत. शंभर तास वाजू द्या, मग आवाज खुलतो.” नव्या इअरफोनचा आवाज वापराने खुलतो हा समज शौकिनांमध्ये इतका रूढ आहे की मी तो तपासून पाहिला नाही. परत करण्याची मुदत १० दिवसांची होती आणि माझ्या प्रवासाच्या हिशेबाने शंभर तास भरायला कामाचे चाळीस दिवस, म्हणजे आठ आठवडे लागणार होते. हा हिशेब मी मांडला नाही, विक्रेत्याने मात्र तो नक्की मांडला होता असे मी आज खात्रीने म्हणतो. दरम्यान बाया ऐकू यावा म्हणून मी आवाज पुन्हा वाढवत गेलो आणि ज्या कानासाठी हा खर्च केला होता, त्याच कानातली शिट्टी वाढली. पैशांपेक्षा या गोष्टीचे मला अधिक दुःख आहे.

पुढे ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातील एका स्नेह्याने ते इअरफोन हातात घेतले आणि पहिल्यांदा त्याची फोमची टोपी चिमटीत दाबली. चांगला फोम दाबून गोल वळला की काही सेकंद तसाच राहतो आणि कानात घातल्यावर सावकाश फुगून वाट बंद करतो. ही टोपी मात्र बोट सोडताक्षणी भांडी घासायच्या स्पंजासारखी टुणकन पूर्ववत झाली. अशा टोपीने कानाची वाट बंद होत नाही, फटीतून खालचे स्वर निघून जातात आणि गाडीचा आवाज आत येतो. नंतर त्याने एक जुने मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारे रेकॉर्डिंग लावले. त्यात गायिकेचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहायला हवा होता, पण तो दोन्ही कानांकडे फाटून गेल्यासारखा, पोकळ येत होता. एका बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या असाव्यात, म्हणजे एका इअरफोनमधला पडदा पुढे जाताना दुसऱ्यातला मागे जातो, असे त्याने समजावून सांगितले. शेवटी त्याने खोका उलटा करून पाहिला. आयात मालावर कायद्याने आवश्यक असलेले आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क, यांपैकी काहीही तिथे छापलेले नव्हते. या तिन्ही तपासण्यांना मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत, आणि त्या मला पहिल्याच संध्याकाळी करता आल्या असत्या.

माझी दुसरी चूक अधिक महागात पडली. ‘पाचशे रुपये कमी करतो’ या आमिषाला भुलून मी संकेतस्थळाबाहेर, थेट विक्रेत्याच्या यूपीआय खात्यावर पैसे पाठवले होते आणि बिलही मागितले नव्हते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तसेच बनावट माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पण माझा व्यवहार त्यांच्या नोंदीतच नसल्याने त्यांनी हात वर केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे आणि पैसे पाठवल्याची नोंद, विक्रेत्याशी झालेला सगळा संवाद व खोक्याची छायाचित्रे जोडली आहेत. ऑनलाइन पैसे गेल्याचे लगेच लक्षात आले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासाला कळवावे. मला तो शहाणपणा सुचेपर्यंत दोन महिने उलटले होते.

त्या विक्रेत्याचे खाते आता दिसत नाही. परंतु गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाच्या एका खात्यावर मला तेच छायाचित्र आणि तीच ८,४९९ रुपयांची किंमत आढळली, आणि खाली एका ग्राहकाने खालचे स्वर ऐकू येत नसल्याचे लिहिले होते. त्याला दिलेले उत्तर माझ्या ओळखीचे होते : “सर, शंभर तास वाजू द्या.”