८० की १२०: वाचवलेला एक तास किती लिटरला पडतो?

गाडी हळू चालवली की पेट्रोल वाचतं आणि जोरात चालवली की वेळ वाचतो, एवढं कुणीही सांगेल. त्यातून निर्णय मात्र होत नाही, कारण एका पारड्यात लिटर आहेत आणि दुसऱ्यात मिनिटं. दोन्ही एका मापात आणायची तर प्रश्न थोडा बदलावा लागतो: वेग वाढवून एक तास वाचवायचा असेल, तर त्यासाठी किती लिटर जास्तीचे जाळावे लागतात?

खालचा हिशेब ३०० किलोमीटर मोकळ्या, सपाट महामार्गाचा आहे. गाडी साधारण १,२०० किलो वजनाची पेट्रोल कार आणि ८० च्या स्थिर वेगाला लिटरमागे २० किलोमीटर देणारी धरली आहे. पुढचे आकडे हवेच्या विरोधाच्या गणितातून काढले आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे येतील, पण भाव चढत जाण्याची तऱ्हा हीच राहील.

| वेग (ताशी किमी) | लागणारा वेळ | पेट्रोल | आधीच्या वेगापेक्षा वाचलेला वेळ | वाचलेल्या तासाचा भाव |
|---|---|---|---|---|
| ८० | ३ तास ४५ मिनिटं | १५.० लिटर | – | – |
| ९० | ३ तास २० मिनिटं | १६.४ लिटर | २५ मिनिटं | ३.४ लिटर |
| १०० | ३ तास | १८.० लिटर | २० मिनिटं | ४.८ लिटर |
| ११० | २ तास ४४ मिनिटं | १९.७ लिटर | १६ मिनिटं | ६.४ लिटर |
| १२० | २ तास ३० मिनिटं | २१.६ लिटर | १४ मिनिटं | ८.१ लिटर |

शेवटचा रकाना महत्त्वाचा. ८० वरून थेट १२० वर गेलात तर सव्वा तास वाचतो आणि ६.६ लिटर जास्त जातात, म्हणजे तासाला सव्वापाच लिटर. ही सरासरी फसवी आहे. पहिल्या टप्प्यात स्वस्तात मिळालेली मिनिटं शेवटच्या टप्प्यातला महाग सौदा झाकून टाकतात. ११० वरून १२० वर जाताना तुम्ही तासाला आठ लिटर मोजत असता, आणि हातात पडतात फक्त १४ मिनिटं.

वेळेची बाजू साध्या भागाकाराची आहे. वेग जितका आधीच जास्त, तितकी पुढच्या दहाची कमाई कमी. इंधनाची बाजू उलट चालते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या या गाडीला ८० ला हवा साधारण १९० न्यूटनने मागे ढकलते, १२० ला ४३० न्यूटनने. टायरच्या घर्षणाचे १२० न्यूटन मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढेच. हवा कापायला इंजिनाला लावावी लागणारी ताकद तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १२० ला चढावर गाडी हाशहुश करते आणि ८० ला तोच चढ जाणवतही नाही.

मग ६० किंवा ४० ने गेलं तर आणखी वाचेल का? फारसं नाही. इंजिनाचं स्वतःचं घर्षण असतंच, खालच्या गिअरमध्ये ते किलोमीटरमागे जास्त पडतं, आणि एसी किलोमीटरवर नाही तर तासावर चालतो. ४० ने जाताना तोच एसी ८० च्या दुप्पट वेळ चालवावा लागतो. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्या टॉप गिअरमध्ये ५५ ते ८० च्या पट्ट्यात सर्वांत चांगलं अ‍ॅव्हरेज देतात. त्याखाली रेंगाळून वेळही जातो आणि पेट्रोलही.

आतापर्यंतचा हिशेब रिकाम्या रस्त्याचा झाला. खऱ्या महामार्गावर १२० ने चालवणं आणि १२० चा सरासरी वेग मिळणं यांत बराच फरक असतो, आणि माझ्या मते तुलना इथेच फिरते. समजा ३०० पैकी १२० किलोमीटर ट्रकच्या रांगा, रस्त्याची कामं आणि गावांमधून जातात. तिथे सगळे सारख्याच वेगाने सरकतात. उरलेल्या १८० किलोमीटरवर १२० आणि ८० मधला फरक सव्वा तासावरून पाऊण तासावर येतो. शिवाय जोरात जाणाऱ्याला पुन्हा पुन्हा ब्रेक मारावे लागतात. १२० वरून ६० वर येऊन परत १२० गाठायला जवळपास ४७ मिली पेट्रोल जातं, तर ८० वरून ६० वर येऊन परत ८० गाठायला १२ मिली. असं वीस वेळा झालं की पाऊण लिटरच्या आसपास फरक पडतो, तोही एक मिनिट न वाचवता. गर्दीच्या दिवशी, सारखं ओव्हरटेक करून मागे टाकलेल्या गाड्या पुढच्या अडथळ्याला शेजारी येऊन उभ्या राहतात, तेव्हा ते पाऊण लिटर कुठे गेलं हे कळतं.

वारा विसरू नका. गाडी १०० ने चालली असताना समोरून ताशी २० चा वारा असेल, तर हवेचा विरोध १२० चा आणि वेळ मात्र १०० चा. अशा दिवशी ९० वर उतरणं फायद्याचं. मागून वारा असेल तर थोडं पुढे जायला हरकत नाही. टपावर रिकामा कॅरिअर असेल तर तो काढून ठेवा. उंच, चौकोनी गाड्यांना तर वरचा तक्ता आणखी तिखट लागू होतो.

हा सगळा हिशेब अर्थातच त्या रस्त्याच्या वेगमर्यादेच्या आतला. आणि १२० ला ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा ८० च्या सव्वादोन पट असते, ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

सरकारांनीही हा हिशेब मांडून पाहिला आहे. तेलसंकटानंतर अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, राष्ट्रीय वेगमर्यादा आणली. ती १९९५ मध्ये रद्द झाली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मार्च २०२२ मध्ये तेल वाचवायचे दहा उपाय सांगितले, त्यात महामार्गावरचा वेग किमान १० किलोमीटरने कमी करण्याचा उपाय होता. पण सरकार सगळ्या गाड्यांचे लिटर एकत्र मोजतं, तुमची २० मिनिटं मोजत नाही. त्यामुळे तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

माझं मत ९० ते १०० च्या बाजूने आहे. तिथपर्यंत वेळ बऱ्यापैकी स्वस्तात मिळतो. टाकी तळाला आली असेल किंवा पोचायची घाई नसेल, तर ८० आणि हळू वाहनांची लेन. ११०-१२० मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा रस्ता खरोखर मोकळा आहे आणि त्या तासाची किंमत आठ लिटरहून जास्त आहे. आठला पंपावरच्या भावाने गुणा, उत्तर मिळेल. आपल्या गाडीचा खरा आकडा हवा असेल तर त्याच रस्त्यावर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, दोन वेगांनी जा आणि दोन्ही वेळा टाकी फुल ते टाकी फुल मोजा. डॅशबोर्डवरच्या अ‍ॅव्हरेजवर विसंबू नका. ते पुष्कळदा उदार असतं.

इलेक्ट्रिक गाडीत गणित बदलतं. मोटर जवळपास सगळ्याच वेगांना कार्यक्षम असते, त्यामुळे हवेचा विरोध थेट रेंजमध्ये दिसतो. समजा १०० किलोमीटरला ९० च्या वेगाने १५ युनिट लागतात आणि १२० ने २०. वाचतात सुमारे १७ मिनिटं. वरची ५ युनिट ५० किलोवॉटच्या चार्जरवर ६ मिनिटांत भरतात, म्हणजे जोरात जाणारा तरीही पुढेच. तीच युनिट ७ किलोवॉटच्या चार्जरवर भरायला ४३ मिनिटं लागतात, आणि मग हळू जाणारा आधी पोचतो. तेव्हा निघण्यापूर्वी वेग ठरवायच्या आधी वाटेतला चार्जर किती किलोवॉटचा आहे ते बघा, आणि तिथे रांग लागते का तेही. ९० ने बॅटरी मुक्कामापर्यंत पुरत असेल तर त्या चार्जरकडे वळावंच लागत नाही.