थायरॉक्सिनची गोळी: वर्षभर घेतल्यावर

आज लॅबवाल्यांशी वाजलं, म्हणून लिहायला बसले. चिठ्ठीवर डॉक्टरांनी फक्त 'टीएसएच' (थायरॉईडला कामाला लावणारं, पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक) लिहिलंय, तरी काउंटरवरची मुलगी म्हणते, "मॅडम, फुल प्रोफाइलच करा ना, टी-३, टी-४ सगळं येतं." कशाला? टी-३, टी-४ ही थायरॉईडची संप्रेरकं, गोळीतलं थायरॉक्सिन म्हणजेच टी-४. माझी मेंदूच्या तळाची पिट्युटरी चोवीस तास तेच मोजत बसलीय, तेही फुकट.

रक्तातलं टी-४ पिट्युटरीत शिरलं की त्याचं टी-३ होतं आणि ते टीएसएच बनवणाऱ्या जनुकालाच आवर घालतं. वरून, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं टीआरएचही (टीएसएचला चालना देणारं संप्रेरक) कमी येतं. थायरॉईड कमी पडलं की हा लगाम सुटतो, आणि कसा! फ्री टी-४ (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टी-४) निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीच्या घरात जाऊ शकतं. माझ्या पहिल्या रिपोर्टात टी-४ अगदी नॉर्मल होतं, टीएसएच मात्र ११, म्हणजे चढलेलं. आजार पिट्युटरीतच असेल तर टीएसएचवर विसंबता येत नाही, तेव्हा फ्री टी-४ हवंच. पण ते डॉक्टर ठरवतील, काउंटर नाही.

डॉक्टर सहा आठवड्यांनी तपासा म्हणाल्या तेव्हा वाटलं, टोलवताहेत. आता पटतंय. टी-४ शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. त्याआधी सुई टोचून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

गोळीबद्दल तक्रार नाही. स्वस्त आहे, थकवा गेला, केस गळायचे थांबले. तक्रार आहे ती चहाची. पहाटे गोळी घ्यायची आणि तासभर चहा नाही! ओट्यावर आलं ठेचलेलं, पातेल्यात चहा उकळतोय, समोर नवरा बशीत ओतून फुर्र फुर्र पितोय आणि मी घड्याळाकडे बघत कोमट पाणी पितेय. गोळीच्या रेटिंगमध्ये याचे मी सरळ दोन तारे कापले होते.

मग डॉक्टरच म्हणाल्या, रात्री घ्या, जेवणानंतर तीन तासांनी. कापलेला एक तारा परत दिला. कॅल्शियमची गोळी तेवढी रात्रीची दुपारवर ढकलली, दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. वेळ बदलली म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच, त्यासाठीच आजची वारी. रिपोर्ट संध्याकाळी येईल. आकडा चढलेला निघाला तर तारा पुन्हा काढून घेईन.